शेंदरी फुलीची पेटी

आमच्या घरातली औषधांची पेटी बबनकाकांनी आपल्या हातांनी बनवली, पण ती कशापायी बनवतोय हे त्यांना पुरतं माहीत नव्हतं. ते माहीत होतं अण्णांना आणि मला. आम्ही दोघं बापलेक तेव्हा तोंडाला कुलूप घालून बसलो होतो, आणि त्या कुलपाची एकदा सवय झाल्यावर इतर गोष्टींबद्दलही आम्हाला फारसं बोलावंसं वाटेनासं झालं.

पेटी अजून आहे. मोशीच्या ह्या नव्या घरात ती फ्रिजवर असते, आणि तिच्यावरची शेंदरी फुली बघून येणारा-जाणारा एखादा तरी विचारतो, हे कुठल्या देवाचं? सूनबाईने मध्यंतरी ऑनलाइन एक तयार किट मागवलं. लाल पिशवी, तिला चेन, आत प्रत्येक वस्तूला आपापला कप्पा. चांगलं आहे. नावं ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी मी दोन ठेवलीच, कारण सासू गप्प बसली की सुनेला उगाच काळजी वाटते. मग मी त्या किटमध्ये काही कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या घडी घालून सरकवल्या. "आई, ह्या पिशव्या कशाला?" तिने विचारलं. "असू दे," मी म्हटलं. बोलून गेल्यावर लक्षात आलं, की अण्णांनी बबनकाकांना हेच उत्तर दिलं होतं, आणि ह्याच सुरात.

आम्ही बीडकडचे. अण्णा भोसरीत पत्र्याचे पार्ट कापणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागले आणि त्यांच्यामागून आई मला आणि गोधड्यांचं गाठोडं घेऊन मोशीला आली. बबनकाकांनी रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या, त्यातली टोकाची आम्हाला मिळाली. पुढे रस्ता, मागे काकांचा कांदा, आणि कांद्याच्या पलीकडे जमीन उतरत इंद्रायणीकडे गेलेली. बबनकाका गावचे जुने. थोडी जमीन कारखान्यांसाठी गेली होती, थोडी राखली होती, आणि गेलेल्या जमिनीच्या जागी जी नोकरी आली ती नेमकी अण्णांच्याच कंपनीत, अण्णांच्या शेजारच्या प्रेसवर. त्यामुळे घरमालक आणि भाडेकरू एकाच सायकलवर डबलसीट कामाला जायचे आणि चढ आला की घरमालक उतरून ढकलायचा. डबे अदलाबदल करून खायचे. आमचं येसराचं, भाजल्या पिठा-मसाल्याचं कालवण त्यांना आवडायचं आणि त्यांच्या बायकोची, शेवंताकाकूंची, मासवडी आम्हाला. आई म्हणायची, नाव मासवडी आणि आत मासा नाही, हे कसलं खाणं, आणि मग गुपचूप दोन जास्त वाढून घ्यायची.

प्रेसचा ठोका अण्णांच्या अंगात मुरला होता. जेवायला मांडी घालून बसले तरी त्यांचा उजवा पाय मांडीत हलायचा, पायडल दाबावं तसा, एका घासाला एक. आई चिडायची, "आता तरी मशीन बंद करा." अण्णा हसून पाय धरून ठेवायचे आणि बोलता बोलता तो पुन्हा सुरू व्हायचा. कपड्यांना ऑईलचा वास असायचा. आई सोडा घालून ते उकळायची, तरी वास काही जायचा नाही. मला तो वास आवडायचा. पुढे मी स्वतः चाकणला गाड्यांच्या वायरी बांधायच्या, वायर हार्नेसच्या लाइनवर जन्म काढला, तिथे सगळं कोरडं आणि स्वच्छ होतं, आणि मला कित्येकदा त्या वासाची आठवण यायची.

अपघात मी पाहिला नाही. मी तो ऐकला बबनकाकांच्या तोंडून, आणि इतक्या वेळा ऐकला की पाहिल्यासारखाच झाला. काका गोष्ट सांगायला उभे राहत. "पंच खाली आला आन् ह्यो मानूस हात वडतोय न वडतोय तवर झालं! अंगठ्याशेजारची दोनी बोटं मशिनीच्या पाटावर. कोन हात लावंना. सायेब बी पांढरा पडला. मी उचलली बोटं. पायताण सुदीक घातलं न्हाई, तसाच पळालो डांबरावरनं. कुल्फीवाला व्हता नाक्यावर. त्याचा समदा बर्फ घेतला. मीठ लावलेला बर्फ, म्हंजी लईच गार! सदऱ्यात भरला, बोटं त्यात खुपसली आन् रिक्षात बसलो ह्यांच्यासंगं." एवढं सांगून ते सदरा वर करून पोट दाखवायचे. बर्फाने भाजल्याचा चट्टा होता तिथे, तळव्याएवढा. ऐकणारे च् च् करायचे, कोणीतरी म्हणायचं, "कोण करतंय राव एवढं!" आणि ते खरंच होतं. एवढं कोणी करत नाही.

दवाखान्यात अण्णांच्या कॉटशी मी एकटी उभी होते तेव्हा डॉक्टर आले. तरुण होते, झोप झालेली नसावी. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रागावून बोलले असते तर सोपं गेलं असतं. "तुटलं होतं स्वच्छ," ते म्हणाले. "चेंगरलेलं नव्हतं. ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून आणली असती तर निदान एक बोट तरी जोडून पाहता आलं असतं. उघड्या बर्फात घातली, त्यात मिठाच्या. गोठून गेली ती." अण्णांनी मान खिडकीकडे वळवली. डॉक्टर पुढच्या कॉटकडे गेले. दाराबाहेर बाकावर आई बसली होती आणि तिच्याशेजारी बबनकाका, पायाला फोड आलेले, मांडीवर आमचा डबा धरून.

"सुमे," अण्णा खिडकीकडे बघतच म्हणाले, "हे बबनरावला कळू द्यायचं नाही. तुझ्या आईलाबी नगं सांगू, तिच्या पोटात राहायचं नाही. माझ्यापायी अनवाणी पळालाय तो माणूस."

मी हो म्हटलं. आणि मला आठवतं ते एवढंच, की हो म्हणताना मला काहीही वाटलं नाही. रडू नाही, राग नाही. कोणीतरी आतलं बटण दाबून दिवा घालवावा तसं झालं, आणि मी ह्या अंधाराबद्दल कुणाकडे तक्रारही केली नाही.

आईला तो हात बघवत नव्हता, म्हणून पट्टी बदलायचं काम सिस्टरने मला शिकवलं. पाणी उकळून गार करायचं, हात धुवायचे, जुनी पट्टी ओली करून सोडवायची, ओढायची नाही. मी ते रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी करायचे, शेंगा सोलाव्यात तसं. "दुखतंय का अण्णा?" मी विचारायचे, कारण सिस्टरने विचारायला सांगितलं होतं. "नाही," अण्णा म्हणायचे. रोज तेच विचारणं आणि रोज तेच नाही. शेजारच्या खोलीतली बाई आधी म्हणाली, पोरगी धीराची आहे. महिना उलटल्यावर तीच म्हणाली, पोरीला काळीज म्हणून नाही. दोन्ही वेळा मी पट्टीच गुंडाळत होते.

घरही तसंच झालं होतं. आपण भाकरी मोडतो ती अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांनी, हे तोवर मला कधी जाणवलं नव्हतं. अण्णांना ती मोडता येईना, आणि डाव्या हाताने खायला ते तयार नव्हते. मग आई भाकरी दुधात कुस्करून द्यायची आणि ते चमच्याने खायचे. पाय हलायचा थांबला होता. आधी त्या पायावर चिडणारी आई आता जेवताना मधूनच त्यांच्या मांडीकडे बघायची. दुपारी अण्णा गोधडीवर पडलेले असायचे तेव्हा डाव्या हाताने पट्टीच्या पुढची जागा, नुसती गोधडी, खाजवत राहायचे. मी बघितलं की थांबायचे. आता अशा गोष्टींना नावं आहेत, सल्ला द्यायला माणसं आहेत. आम्ही जेवत होतो, झोपत होतो, भाडं वेळेवर जात होतं, म्हणून आमचं ठीक चाललंय असं सगळ्यांना वाटत होतं, आम्हालाही.

पेटीचं निघालं ते कापसावरून. पट्टीचं सामान घरात कुठेही पडलेलं असायचं. गॉज पिठाच्या डब्यामागे, मलम तेलाच्या बुधल्याशेजारी, कात्री आईच्या शिवणात. आणि कापसाची गुंडाळी देवापाशी, कारण आई त्याच कापसाच्या वाती वळायची. दवाखान्यातून आणलेला कापूस एवढा पांढराशुभ्र, तो देवाला नको? एका सकाळी मी गुंडाळी उलगडली तर तिला तुपाचे आणि कुंकवाचे डाग. मी ती कचऱ्यात टाकली. नेमके तेव्हा बबनकाका दारात होते. त्यांना फार वाईट वाटलं, आईपेक्षाही. "वैनी, ह्ये न्हाई चालायचं. जखम हाय ती. थांबा, मी पेटी करतो."

कंपनीतला भंगार पत्रा आणून त्यांनी आठवडाभर अंगणात ठोकाठोक केली. पत्र्याच्या कडा आत दुमडून त्यांनी अशा बसवल्या की कुठे नखालाही लागू नये. बोट कापणाऱ्या पत्र्याचीच पेटी, म्हणून कडांवर त्यांचा राग होता. पेटीला पांढरा रंग दिला. फुलीसाठी लाल रंग संपला होता, मग मारुतीच्या देवळाचा कळस रंगवून उरलेला शेंदरी त्यांनी वापरला. आईने पेटी बघितली आणि आपसूक हात जोडले. मग भानावर येऊन म्हणाली, "पण बबनभावजी, औषध भरून ठेवायचं म्हणजे दुखण्याला पाट मांडून ठेवायचा की हो." काका म्हणाले, "दुखनं काय पाट बघून येतंय व्हय, वैनी? आलं तर निदान हुभं तरी ठिवायचं न्हाई त्याला."

मग भरणं सुरू झालं. काकांनी चुन्याची डबी आणली, रक्त थांबवायला. आईने हळदीची पुडी ठेवली. शेवंताकाकूंनी भाजल्यावर लावायला टूथपेस्टची अर्धी ट्यूब पाठवली. जखमेवर चोळायचा दगडीपाला सुकवून ठेवावा असंही एक मत पडलं. मी सिस्टरकडून शिकून आले होते, मी एकेक वस्तू बाहेर काढून ठेवत गेले आणि आई ती एकेक पुन्हा आत ठेवत गेली. शेवटी आत राहिलं ते असं: गॉज, चिकटपट्टी, नवा कापूस ज्याला वातींसाठी हात लावायचा नाही अशी शपथ घातली होती, तपकिरी औषधाची बाटली, भाजल्यावरचं मलम, बोथट टोकाची कात्री, ताप बघायची नळी, आणि कोपऱ्यात हळदीची पुडी. पुडीपुढे माझं चाललं नाही. अण्णा गोधडीवरून सगळं बघत होते. खूप दिवसांनी ते आपणहून बोलले. "बबनराव, पॅकिंगला कोऱ्या पिशव्या येतात ना पार्टांच्या? त्यातल्या थोड्या आणा."

"आनतो की. पन पिशव्या कशाला?"

"असू द्या."

दुसऱ्या दिवशी काकांनी पिशव्या आणल्या आणि स्वतः घडी घालून पेटीत ठेवल्या. मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही.

काका गेल्यावर मी पहिल्यांदा तो विषय काढला. कारण एव्हाना कंपनीत बबनकाका म्हणजे बर्फाचे मास्तर झाले होते. नवीन पोरं भरती झाली की काका त्यांना प्रेसपाशी उभं करून सांगायचे, बोट गेलं तर घाबरायचं नाही, थेट बर्फात, आणि बर्फ मिठाचा मिळाला तर देवच पावला. आजूबाजूच्या शॉपमध्येही ही गोष्ट गेली होती. "अण्णा, उद्या दुसऱ्याचं गेलं तर?" मी विचारलं. "त्याचंही असंच गोठेल. तुम्ही नाही सांगत तर मी सांगते." अण्णांनी पट्टीचा हात छातीशी घेतला. मग म्हणाले, "सांगितलं तर तो माणूस परत कधी डोळा वर करून बघायचा नाही माझ्याकडं. बोटं तर गेलीच बा. आता त्यालाबी घालवू का?" मी पेटीचं झाकण लावलं आणि ती फळीवर ठेवली.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना येऊ द्यायचे. त्या दिवशी मशीन बंद. पायाखालची जमीन एरवी दिवसभर थरथरायची, ती त्या दिवशी गप्प असायची आणि चालताना उगाच पाऊल चुकल्यासारखं व्हायचं. प्रेसना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू. अण्णा अपघातानंतर पहिल्यांदाच आत आले होते. त्यांच्या प्रेसलाही माळ होती, इतर प्रेसना होती तशीच. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले आणि मग त्यांनी नमस्कार केला, तीन बोटांचा एक हात दुसऱ्या हाताला लावून. मी बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं. आई डोळ्याला पदर लावून होती, तिचा मला थोडा हेवा वाटला. बबनकाकांनी आमची पेटी सायकलवर बांधून आणली होती आणि पाने-हातोड्यांच्या ओळीत पूजेला मांडली होती. "हत्यारच हाय ते बी," ते म्हणाले. आणि पूजेला मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, हा नेम तर लहान पोरालाही माहीत.

पूजा झाली. टपात बर्फ घालून त्यात थंडाच्या बाटल्या ठेवल्या होत्या. नवीन पोरं बाटल्या घ्यायला जमली आणि काकांना बर्फ दिसला. झालं. प्रसादातलं एक वेलची केळं उचलून त्यांनी पोरांना गोळा केलं. "ह्ये बघा. ह्ये बोट समजा. उचललं, आन् असं," म्हणत त्यांनी केळं बर्फात खुपसलं. पोरं हसली. काका हसले नाहीत. "हसू नगा, लेकरांनो. ह्या माणिकरावाला इचारा."

माणिकराव म्हणजे अण्णा. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. अण्णा पुढे आले, पूजेच्या ओळीपाशी वाकले आणि पेटी उचलली. आईच्या तोंडून "अहो!" एवढंच निघालं. फुलीवरचं झेंडूचं फूल खाली पडलं. त्यांनी पेटी उघडली, गॉज काढलं, पिण्याच्या पाण्याने ओलं केलं, दुसरं केळं त्यात गुंडाळलं, पिशवीत सरकवलं. उरल्या बोटांनी त्यांना वेळ लागत होता आणि कोणी हलत नव्हतं. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी मानेने नको म्हटलं. "बबनराव, गाठ तेवढी मारा," ते म्हणाले. काकांनी गाठ मारली. अण्णांनी ती पिशवी बर्फावर ठेवली. "पोरांनो, आता अशी रीत हाय. बर्फ बोटाला लागू द्यायचा नाही. मिठाचा तर बिलकुलच नगं."

एका पोराने सरळ मनाने विचारलं, "मग काका, तुमच्या वेळी असं का नाही केलं?"

"तेव्हा ही रीत निघाली नव्हती रे," अण्णा म्हणाले.

बबनकाकांनी अण्णांकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्याकडे कशाला बघायचं, शेजारी उभ्या असलेल्या पोरीचं तोंड बघावं, एवढं खेड्यातल्या माणसाला कळतं. पण माझ्या तोंडावर काही नव्हतंच. इतके महिने जे बधिरपण मी वागवत होते, ते त्या क्षणी उपयोगी पडलं. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले, भिंतीने बघावं तशी. "चांगली रीत हाय," काका म्हणाले आणि बाटल्या वाटायला लागले. येताना सायकलवर पेटी घट्ट बांधली का हे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं. आई रस्ताभर पूजा मोडल्याबद्दल देवाची क्षमा मागत होती.

त्यानंतर बर्फाची गोष्ट काकांनी सांगितली नाही. कोणी विचारलंच तर पंच खाली आला इथपर्यंत सांगायचे आणि मग, "चला, शिफ्टची येळ झाली." त्यांच्या खाकी सदऱ्याच्या खिशात, तंबाखूच्या पुडीमागे, घडी घातलेली एक पिशवी दिसायची. अण्णांनाही ती दिसायची. मला वाटलं, संपलं, कुणाचंच काही न बिघडता संपलं, आणि तेही मला फक्त वाटलं, बरं किंवा वाईट असं काही नाही.

दिवाळीच्या तोंडावर आई कानवले तळत होती. दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर बबनकाका सायकल टाकून आत आले. सदरा रक्ताने माखलेला. आईच्या हातातला झारा कढईतच राहिला. "माझं न्हाई, माझं न्हाई," काका म्हणाले आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसले. "नव्या पोरातल्या एकाचं बोट ग्येलं. फडकं वलं केलं, माणिकराव. पिशवीत घातलं. मग सोडावाल्याचा बर्फ आनला, त्यावर ठिवलं. लागू दिलं न्हाई बर्फाला. डॉक्टर म्हनला, जोडून बघतो. हुईल म्हनला." (झालं. थोडं वाकडं बसलं, पण बसलं. पुढे निघोज्याला एका कंपनीच्या गेटवर तो मला भेटायचा आणि मुद्दाम त्याच हाताने सलाम करायचा.)

"नामी काम केलं, बबनराव," अण्णा म्हणाले.

काकांचा तळहात फाटला होता, पोराचं बोट मशीनमधून काढताना पत्रा लागला असावा. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी फळीवरून पेटी काढली, त्यांच्यासमोर बसले, हात मांडीवर घेतला आणि धुवायला लागले. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"मी डॉक्टरला इचारलं," ते म्हणाले. "म्हनलं, बिनपिशवीचं घातलं असतं तर? मिठाच्या बर्फात?"

चुलीवरचं तेल तडतडत होतं.

"सुमे, तुला ठावं व्हतं?"

ह्याही वेळी मला भिंत होता आलं असतं. तोंड मी सांभाळलंच. पण तपकिरी औषधाचा बोळा धरलेला माझा हात त्यांच्या तळहातावर अधांतरी थांबला, आणि तो थांबलेला त्यांना दिसला. आई एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे बघत राहिली. बोळा जखमेवर टेकला आणि काका मोठ्याने ओरडले, "आयो! दुखतंय गं पोरी! लई दुखतंय!" आणि ते रडायला लागले, तोंड उघडून, म्हातारं माणूस रडतं तसं, जे आमच्या घरात इतक्या महिन्यांत कोणी केलं नव्हतं.

अण्णा गोधडीवरून उठून आले. काकांशेजारी भिंतीला टेकून बसले. मग त्यांनी जे म्हटलं ते मी रोज सकाळी विचारत होते आणि रोज सकाळी त्यांनी नाकारलं होतं.

"माझंबी दुखतंय, बबनराव."

"कुठं?"

अण्णांनी उजवा हात पुढे केला. "हितं. जी न्हाईत त्यांच्यात."

बबनकाकांनी माझ्या मांडीवरून हात काढून घेतला. अर्धी बांधलेली पट्टी लोंबत होती. जिथे ती दोन बोटं असायला हवी होती, तिथे त्यांनी नुसत्या हवेभोवती मूठ मिटली आणि धरून ठेवली. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते मला कळलं नाही, पेटीच्या झाकणावर ठिपके दिसले तेव्हा कळलं. कानवला जळाल्याचा वास येत होता. आई उठली नाही, आणि अण्णांनी हात ओढून घेतला नाही.